जोसेफ स्मिथ : भावाची कबर आणि स्वर्गाची नवी रचना



मृत्यूनंतर काय, हा प्रश्न माणूस प्रथम ग्रंथांतून शिकत नाही. घरातले कुणी जाते, गुस्ल आणि कफन होते, कबरीवर मूठमूठ माती पडते आणि रात्री घर शांत झाल्यावर हा प्रश्न आपोआप समोर उभा राहतो. आपला माणूस आता कुठे असेल? त्याचे काय होईल? आपण त्याच्यासाठी काय करू शकतो? ज्याने आपल्या माणसाला स्वतःच्या हातांनी कबरीत उतरवले आहे, त्याला या प्रश्नाचे ओझे समजावून सांगावे लागत नाही.

या अंकात ज्याचे चरित्र आपल्यासमोर ठेवत आहे, त्या माणसाच्या आयुष्यात हा प्रश्न अगदी तरुणपणी शिरला आणि अखेरपर्यंत हटला नाही. अमेरिकेतील मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ हा तो माणूस. त्याने प्रेषितत्वाचा दावा केला, नवा ग्रंथ आणला आणि स्वर्गाची एक नवीच रचना मांडली. आज त्याच्या मुख्य पंथाच्या स्वतःच्या गणनेनुसार जगभरात त्याचे १ कोटी ७० लाखांहून अधिक सदस्य आहेत. हजरत मुहम्मद (स.) यांच्यानंतर कुणी प्रेषित येणार नाही, ही आपली श्रद्धा स्पष्ट आहे. तेव्हा त्याचा दावा आपण मानत नाही, हे सांगण्यासाठी मोठा लेख लिहिण्याची गरज नाही. पण त्याने परलोकाविषयी जे सांगितले ते कसकसे घडत गेले, हे पाहण्यात आपल्यासाठी मोठा बोध आहे. शत्रुत्वातही न्याय सोडू नये, अशी सूरह माइदाची शिकवण आहे. म्हणून त्याच्या अनुयायांचे म्हणणेही जेथल्या तेथे देत आहे.

दारिद्र्य, आजार आणि पंथांचा गलबला

जोसेफचा जन्म २३ डिसेंबर १८०५ रोजी अमेरिकेतील व्हर्मांट राज्यात शेरन या गावी झाला. वडिलांचेही नाव जोसेफच होते, आई ल्यूसी. शेती साथ देत नव्हती आणि कुटुंब एका गावाहून दुसऱ्या गावी फिरत होते. सुमारे सातव्या वर्षी जोसेफच्या पायाच्या हाडात विकार झाला. त्या काळी भूल देण्याचे औषध नव्हते. तशाच अवस्थेत त्याच्या हाडाचा भाग कापून काढण्यात आला. पुढे १८१५ साली आजच्या इंडोनेशियातील तंबोरा ज्वालामुखीचा महाभयंकर उद्रेक झाला आणि त्याच्या राखेमुळे पुढच्या वर्षी ईशान्य अमेरिकेत उन्हाळा आलाच नाही. जून महिन्यात हिमवर्षाव झाला, पिके करपली. असंख्य कुटुंबांप्रमाणे स्मिथ कुटुंबानेही गाव सोडले आणि न्यूयॉर्क राज्यातील पाल्मायरा येथे मुक्काम हलविला.

त्या प्रदेशात तेव्हा धर्मजागृतीच्या लाटांमागून लाटा येत होत्या. मेथडिस्ट, बाप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन असे ख्रिस्ती पंथ मोठमोठ्या सभा भरवीत, नरकाचे भय घालीत आणि माणसे आपल्याकडे ओढीत. स्मिथांच्या घरातही फूट होती. आई आणि काही भावंडे प्रेस्बिटेरियन चर्चकडे वळली. वडील कोणत्याच चर्चचे झाले नाहीत. अखेरीस ईश्वर सर्वांनाच तारील, या मताकडे त्यांचा ओढा होता. आई एका वाटेने, वडील दुसऱ्या वाटेने, आणि प्रत्येक उपदेशक सांगतो की आमच्या वाटेवाचून तरणोपाय नाही. अशा घरात वाढणाऱ्या मुलाच्या मनाची काय अवस्था होत असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

आपण १४-१५ वर्षांचे असताना राईत प्रार्थना करीत होतो आणि तेथे आपल्याला दिव्य दर्शन झाले, असे जोसेफने पुढे सांगितले. या दर्शनाचा त्याचा पहिला ज्ञात लेखी वृत्तांत १८३२ चा, म्हणजे घटनेनंतर सुमारे बारा वर्षांनी लिहिलेला आहे. त्यात प्रभूच्या दर्शनाचा उल्लेख आहे; १८३८ मध्ये सांगितलेल्या आणि पंथात प्रमाण मानल्या जाणाऱ्या वृत्तांतात मात्र पिता आणि पुत्र अशा दोन व्यक्ती दिसल्याचे वर्णन आहे. हे वृत्तांत एकमेकांना पूरक आहेत, असे अनुयायी म्हणतात. परंतु ईश्वर एक दिसला की दोन, ही काही तपशिलाची किरकोळ बाब नव्हे.

अल्विन

आता त्या मृत्यूकडे वळू. जोसेफचा थोरला भाऊ अल्विन हा या कुटुंबाचा आधार होता. आईवडिलांना म्हातारपणी चांगले घर असावे म्हणून तो नवे घर बांधण्याच्या खटपटीत होता. नोव्हेंबर १८२३ मध्ये त्याच्या पोटात तीव्र कळा उठल्या. वैद्याने त्या काळच्या रिवाजाप्रमाणे कॅलोमेल हे पाऱ्याचे औषध दिले. त्याने प्रकृती अधिकच बिघडली आणि १९ नोव्हेंबर रोजी अल्विन वारला. तो अवघा २५ वर्षांचा होता, आणि जोसेफ अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होता.

अल्विनचा बाप्तिस्मा झालेला नव्हता आणि तो कोणत्याही चर्चचा सदस्य नव्हता. अंत्यविधीच्या वेळी धर्मोपदेशकाने तो नरकात गेला असल्याचे जवळजवळ उघडपणे सुचविले, अशी आठवण कुटुंबातील धाकट्या भावाने नोंदवून ठेवली आहे. वडिलांच्या मनावर तो घाव कायमचा राहिला. दुःख एवढ्यावर थांबले नाही. पुढच्या वर्षी गावात आवई उठली की अल्विनचे प्रेत कबरीतून काढून नेले आहे. बिचाऱ्या बापाला शेजाऱ्यांना बरोबर घेऊन मुलाची कबर उकरून पाहावी लागली, आणि प्रेत जागेवर आहे असे निवेदन स्थानिक वर्तमानपत्रात छापावे लागले.

वाचकहो, येथे थोडे थांबा. त्या उपदेशकाचे वागणे आपल्या दीनच्या मापाने मोजून पाहा. मदीनेत हजरत उस्मान बिन मजऊन (रजि.) यांचा इंतकाल झाला, तेव्हा त्यांची सेवा केलेल्या घरातील हजरत उम्मुल अला (रजि.) यांनी अल्लाहने त्यांचा सन्मान केला, अशी ग्वाही दिली. त्यावर प्रेषितांनी (स.) त्यांना विचारले की हे तुम्हांला कसे कळले? त्यांच्यासाठी आपण भल्याची आशा बाळगतो, इतकेच प्रेषितांनी (स.) सांगितले. बुखारी शरीफमधील हा प्रसंग आहे. एका नेक सहाबीलाही स्वतःच्या अधिकाराने जन्नत बहाल करण्याची मुभा जेथे नाही, तेथे कुणाच्या तरुण मुलाला त्याच्या बापासमोर नरकात ढकलण्याचा अधिकार कुठून येणार? त्या दिवशी स्मिथ कुटुंबावर अन्याय झाला, हे आपण मोकळेपणाने म्हटले पाहिजे.

सुवर्णपत्रे आणि नवा पंथ

अल्विनच्या मृत्यूपूर्वी दोन महिने एका देवदूताने आपल्याला जमिनीत पुरलेल्या सुवर्णपत्रांची वार्ता दिली, असा जोसेफचा दावा होता. त्या काळी तो एका विशिष्ट खड्याच्या साहाय्याने जमिनीतील गुप्तधन पाहून सांगतो अशी त्याची ख्याती होती आणि याच कारणावरून १८२६ साली त्याला न्यायाधीशासमोर उभे करण्यात आले. १८२७ च्या जानेवारीत एम्मा हेल हिच्याशी त्याचा विवाह झाला. त्याच वर्षी सुवर्णपत्रे हाती आल्याचे त्याने जाहीर केले. त्यांचे भाषांतर म्हणून त्याने जो मजकूर सांगितला, तो मार्च १८३० मध्ये मॉर्मनचा ग्रंथ या नावाने छापला गेला. ५,००० प्रतींच्या छपाईसाठी एका श्रद्धावान शेतकऱ्याने आपली शेती गहाण टाकली. पत्रे देवदूताने परत नेली, असे सांगण्यात आले. ती पाहिल्याची साक्ष अकरा जणांनी दिली, याकडे अनुयायी बोट दाखवितात. ६ एप्रिल १८३० रोजी नव्या चर्चची स्थापना झाली.

या काळात जोसेफ आणि एम्मा यांच्या घरात पाळणा हलण्याऐवजी कबरी वाढत होत्या. १८२८ मध्ये पहिले मूल जन्मले त्याच दिवशी गेले. १८३१ मध्ये जुळी झाली, तीही त्याच दिवशी गेली. त्यांच्या जागी एका मृत स्त्रीची जुळी दत्तक घेतली, त्यांतील एक पुढच्या वर्षी वारले. नंतरच्या काळात आणखी एक मुलगा चौदा महिन्यांचा होऊन गेला आणि एक मृतच जन्मला. पोटच्या नऊ अपत्यांपैकी चारच मोठी झाली. परलोकाविषयीची त्याची प्रत्येक नवी घोषणा वाचताना या लहान लहान कबरी आपण नजरेआड होऊ देता कामा नये.

तीन स्वर्ग

१६ फेब्रुवारी १८३२ रोजी ओहायो राज्यात आपला सहकारी सिडनी रिग्डन याच्यासह जोसेफने परलोकाचे दर्शन झाल्याचे जाहीर केले. त्यानुसार मृत्यूनंतर स्वर्ग आणि नरक अशी सरळ विभागणी नसून वैभवाची तीन राज्ये आहेत. सर्वोच्च राज्याचे तेज सूर्यासारखे, मधल्याचे चंद्रासारखे आणि खालच्याचे ताऱ्यांसारखे. दुष्टांनाही शिक्षा भोगून झाल्यावर अखेरीस तिसऱ्या राज्यात जागा मिळेल. कायमच्या अंधारात जाणारे अगदी थोडे असतील. ही शिकवण इतकी वेगळी होती की पुढे पंथाचा नेता झालेल्या ब्रिगहॅम यंगलाही ती आरंभी पचविणे जड गेले.

आपल्याकडेही जन्नतमध्ये दर्जे आहेत आणि जहन्नममध्येही आहेत. तेव्हा दर्जे असण्यावर आपला आक्षेप नाही. प्रश्न निराळा आहे. या रचनेत सत्याचे ज्ञान न मिळता मेलेल्यांना मधल्या राज्यात ठेवले होते. म्हणजे या हिशेबाने अल्विनही मधल्याच राज्यात पडत होता.

चार वर्षांनी, २१ जानेवारी १८३६ रोजी, ओहायोतील कर्टलंड येथे जोसेफने नवे दर्शन सांगितले. त्यात त्याला सर्वोच्च राज्य दिसले, आणि तेथे कोण दिसला तर अल्विन! बाप्तिस्म्यावाचून तो येथे कसा, असे आश्चर्य त्याला वाटले. त्यावर उत्तर असे मिळाले की, संधी मिळाली असती तर ज्यांनी सत्य स्वीकारले असते, ते सर्व या राज्याचे वारस होतील. लहानपणी मेलेली मुलेही तेथेच असतील. त्याच दर्शनात त्याला आपले आईवडीलही तेथे दिसले. वास्तविक दोघेही त्या वेळी हयात होते. म्हणून हे दर्शन भविष्याचे होते, असे अनुयायी सांगतात.

वाचकहो, भावाच्या काळजातून निघालेली ही आशा आपल्याला स्पर्श करते. पण दोन दर्शनांमध्ये काय बदलले, हे विचारल्यावाचून पुढे जाता येत नाही. अल्विन तोच होता, त्याची कर्मेही तीच होती. बदल झाला तो केवळ दर्शन सांगणाऱ्याच्या घोषणेत, आणि तो नेमका त्याच्या मनाला हव्या असलेल्या दिशेने झाला.

आता प्रेषितांच्या (स.) जीवनातील एक प्रसंग आठवा. चुलते अबू तालिब यांनी त्यांना लहानपणापासून सांभाळले, मक्केच्या सरदारांसमोर ढाल होऊन उभे राहिले आणि त्यांच्यासाठी बहिष्काराचे हाल सोसले. बुखारी आणि मुस्लिममधील वृत्तांतानुसार त्यांच्या अखेरच्या घटकेपर्यंत प्रेषित (स.) त्यांच्या उशाशी बसून कलमा म्हणण्याची विनंती करीत राहिले, पण त्यांनी तो म्हटला नाही. दुःख केवढे असेल! तरीही प्रेषितांनी (स.) चुलत्यांना जन्नतच्या वरच्या दर्जात पाहिल्याचे जाहीर केले नाही. उलट, मार्गावर आणणे तुमच्या आवडीवर अवलंबून नाही, ते अल्लाहच्या हाती आहे, अशा आशयाची आयत उतरली आणि त्यांनी ती लोकांना जशीच्या तशी ऐकविली. स्वतःच्या काळजाविरुद्ध जाणारा संदेशही जो तसाच पोहोचवितो, त्याच्या सत्यतेची हीच मोठी खूण आहे.

मृतांसाठी बाप्तिस्मा

यानंतरची वर्षे छळाची होती. मिसूरी राज्यात मॉर्मनांची घरे जाळली गेली. १८३८ च्या ऑक्टोबरात राज्यपालाने त्यांना राज्याबाहेर हाकलावे किंवा नामशेष करावे असा आदेश काढला आणि काही दिवसांतच एका वस्तीवरील हल्ल्यात १७ जण मारले गेले. जोसेफने तो हिवाळा तुरुंगात काढला. सुटल्यावर इलिनॉय राज्यात मिसिसिपी नदीच्या काठी त्याने नॉवू हे नगर वसविले.

याच नगरात १५ ऑगस्ट १८४० रोजी सीमोर ब्रन्सन या अनुयायाच्या अंत्यविधीत जोसेफने नवी शिकवण मांडली की जिवंत माणूस मृताच्या वतीने बाप्तिस्मा घेऊ शकतो. लोक भराभर नदीत उतरले. कुणी आईसाठी, कुणी आजोबांसाठी पाण्यात बुडी घेतली. आरंभी पुरुष स्त्रियांसाठी आणि स्त्रिया पुरुषांसाठीही बाप्तिस्मा घेत. पुढे तसे न करण्याचा नियम झाला. त्यानंतर हा विधी मंदिरातच व्हावा, असे ठरले. अल्विनच्या वतीने त्याचा भाऊ हायरम याने बाप्तिस्मा घेतला. वडील त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वारले.

येथे एक साधा प्रश्न उरतो. १८३६ च्या दर्शनानुसार ज्याने सत्य स्वीकारले असते त्याला सर्वोच्च स्वर्ग मिळणारच होता, तर १८४० मध्ये त्याच्यासाठी पाण्यात उतरण्याची गरज का पडली? आणि विधी अनिवार्य असेल, तर ज्यांची नावेही इतिहासाला ठाऊक नाहीत, त्या अब्जावधी माणसांचे काय? अनुयायांचे उत्तर असे की, आत्म्याला तो बाप्तिस्मा स्वीकारण्याचे वा नाकारण्याचे स्वातंत्र्य असते, आणि उरलेल्यांचे काम पुढील युगात पूर्ण होईल. या श्रद्धेपोटीच त्यांनी जगभरच्या वंशावळींचा प्रचंड संग्रह केला आणि त्याच्या प्रती डोंगरातील भुयारांत जतन केल्या. परंतु हाच विधी नाझी छळछावण्यांत मारल्या गेलेल्या ज्यूंच्या नावानेही होऊ लागला, तेव्हा ज्यू संघटनांनी तीव्र आक्षेप घेतला आणि १९९५ मध्ये तो थांबविण्याचा करार करावा लागला. मृताच्या वतीने त्याचा धर्म ठरविणे हे जिवंतांना किती जड जाते, हे यावरून दिसते.

आपल्या दीनमध्ये अल्विनसारख्याच्या प्रश्नाचे उत्तर विधीत शोधलेले नाही. ते अल्लाहच्या न्यायात शोधलेले आहे. कुणी दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही आणि प्रेषित पाठविल्यावाचून अल्लाह शिक्षा करीत नाही, ही सूरह इस्राची शिकवण आहे. ज्यांच्यापर्यंत संदेश पोहोचलाच नाही ते कयामतच्या दिवशी आपली बाजू मांडतील, असे मुस्नद अहमदमधील हदीसमध्ये आले आहे. इमाम गजाली (रह.) यांनी सुमारे ९०० वर्षांपूर्वी आपल्या फैसलुत्तफ्रिका या ग्रंथात त्याही पुढे जाऊन लिहिले की, ज्यांनी प्रेषितांचे (स.) नावच ऐकले नाही किंवा विपर्यस्त रूपातच ऐकले, ते क्षम्य आहेत आणि अल्लाहची रहमत त्यांना व्यापील अशी आशा आहे. म्हणजे भूगोलाच्या एका कोपऱ्यात जन्मलेल्या माणसाला ना उपदेशकाच्या शापाची भीती, ना वंशजाच्या बुडीची प्रतीक्षा. त्याचा मामला सर्वांत न्यायी आणि सर्वांत दयाळू अशा रब्बाकडे आहे.

मग जिवंतांनी काहीच करायचे नाही का? करायचे तर आहे. हजरत साद बिन उबादा (रजि.) यांच्या गैरहजेरीत त्यांच्या आईचा इंतकाल झाला. तिच्या वतीने सदका केला तर तिला लाभ होईल का, असे त्यांनी प्रेषितांना (स.) विचारले, होकार मिळताच त्यांनी आपली बाग तिच्या नावे सदका केली. दुआ, सदका, राहिलेले कर्ज फेडणे, राहिलेला हज करणे, हे सर्व आपण आपल्या ईमानवंत मृतांसाठी करू शकतो. ईमान मात्र कुणाच्या वतीने आणता येत नाही. ते ज्याचे त्याने, हयातीत आणायचे असते.

स्वर्गासाठी विवाहाची अट

१८४३ मध्ये जोसेफने सांगितले की सर्वोच्च राज्यातही तीन पायऱ्या आहेत, आणि वरच्या पायरीवर जाण्यासाठी पुरोहिताधिकाराने अनंतकाळासाठी बांधलेला विवाह आवश्यक आहे. ज्यांचा असा विवाह नाही ते सेवक देवदूत होऊन राहतील. त्याच वर्षी १२ जुलै रोजी त्याने बहुपत्नीत्वासंबंधीचा संदेश लिहून घेतला. तो स्वतः त्यापूर्वीच गुप्तपणे अनेक विवाह करीत आला होता. त्याच्या पत्नींची संख्या ३० ते ४० असावी, त्यांतील काहींचे पती हयात होते आणि सर्वांत लहान १४ वर्षांची होती, हे २०१४ मध्ये पंथाने स्वतः मान्य केले. एम्माला या गोष्टीने पराकोटीचे दुःख झाले. पुढील आयुष्यात ती हे सारे नाकारीत राहिली.

एकाहून अधिक विवाह आपल्या शरीअतमध्येही आहे. म्हणून केवळ संख्येकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊ शकत नाही. पण तेथे चारची मर्यादा आहे, न्यायाची कठोर अट आहे, साक्षीदार लागतात आणि दुसऱ्याची विवाहित पत्नी सर्वथा निषिद्ध आहे. याहून महत्त्वाचे म्हणजे जन्नतचा दर्जा विवाहावर टांगलेला नाही. सूरह तहरीममध्ये चार स्त्रियांची उदाहरणे येतात. नूह (अ.) आणि लूत (अ.) यांच्या पत्नींना प्रेषितांची घरे लाभूनही ती तारू शकली नाहीत. फिरऔनच्या पत्नीला तर अत्याचारी पती मिळाला, तरी तिने अल्लाहजवळ जन्नतमध्ये घर मागितले. आणि हजरत मरयम (अ.) यांना कुरआन कुणाची पत्नी म्हणून ओळखत नाही, तरी त्या सर्व जगातील स्त्रियांमधून निवडल्या गेल्या. आपल्या घरांतील अविवाहित बहिणींना, विधवांना आणि टाकलेल्या लेकींना या सूरहमध्ये केवढा दिलासा आहे!

आपल्या माणसांसह राहावे, ही ओढ मात्र इस्लामने नाकारलेली नाही. ईमानाच्या वाटेने मागे आलेल्या संततीला जन्नतमध्ये त्यांच्या वडीलधाऱ्यांशी मिळविले जाईल आणि कुणाच्या कर्मांत काही उणे केले जाणार नाही, असे वचन सूरह तूरमध्ये आहे. ज्या भेटीसाठी जोसेफने एवढे विधी उभारले, ती भेट रब्बाने आपल्या कृपेने देऊ केली आहे.

निर्मात्याच्या जागी निर्मिती

शेवटची पायरी सर्वांत धोकादायक होती. मार्च १८४४ मध्ये किंग फॉलेट नावाचा अनुयायी विहीर खोदताना दगड कोसळून मेला. ७ एप्रिल रोजी त्याच्या स्मरणार्थ हजारोंच्या सभेत जोसेफने सांगितले की ईश्वर एके काळी मनुष्यासारखाच होता, माणसाचे मूळ चैतन्य कुणी निर्माण केलेले नाही आणि माणसेही पायरीपायरीने देव होऊ शकतात.

याची तयारी आधीपासून चालली होती. १८३५ मध्ये इजिप्तच्या ममींबरोबर काही प्राचीन पपायरस पंथाने विकत घेतले होते. त्यांवर इब्राहीम (अ.) यांचा वृत्तांत आहे असे सांगून जोसेफने त्याचे भाषांतर १८४२ मध्ये छापले, त्यात विश्वाची रचना अनेक देवांनी केल्याचे वर्णन आहे. एकेश्वरत्वासाठी आगीत टाकल्या गेलेल्या खलीलुल्लाहच्या नावावर अनेक देवांची कथा! त्या पपायरसचे तुकडे १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या संग्रहालयातून पुन्हा उजेडात आले. तज्ज्ञांनी ते वाचले, तेव्हा तो मजकूर मृताच्या परलोकप्रवासासाठी कबरीत ठेवायचा इजिप्शियन मंत्रपाठ निघाला. तुकड्यांवरील लिपी भाषांतराशी जुळत नाही, हे पंथानेही मान्य केले आहे. पपायरसचा मोठा भाग नष्ट झाला असावा किंवा त्यांच्या निमित्ताने जोसेफला स्वतंत्र प्रेरणा मिळाली असावी, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे.

इब्लीसने आदम (अ.) यांना कोणत्या आमिषाने फसविले होते, ते आठवा. या झाडाचे फळ खाल तर फरिश्ते व्हाल किंवा अमर व्हाल, हे ते आमिष होते. माणसाने माणूस राहण्यात समाधान मानू नये, हीच त्या फसवणुकीची मेख होती. आपल्या श्रद्धेत जन्नतची परमावधी म्हणजे बंदा देव होणे नव्हे, तर बंद्याला आपल्या रब्बाचे दर्शन आणि त्याची प्रसन्नता लाभणे होय. मृत्यूवर मात करण्याच्या धडपडीत निर्माता आणि निर्मिती यांच्यातील अंतरच पुसले गेले, तर प्रार्थना करायची कुणाकडे?

कार्थेजचा तुरुंग

प्रश्न विचारणारे त्याच्या आतल्या वर्तुळातच होते. त्याचा निकटचा सल्लागार विल्यम लॉ याने अनेक देवांची आणि गुप्त विवाहांची शिकवण नाकारली. ७ जून १८४४ रोजी त्याने आणि त्याच्या साथीदारांनी एक वर्तमानपत्र काढून हे सर्व छापले. नगराध्यक्ष असलेल्या जोसेफने आणि नगरपरिषदेने उत्तर देण्याऐवजी तीन दिवसांत छापखानाच उद्ध्वस्त करविला. त्यावरून वातावरण पेटले. कार्थेज येथील तुरुंगात तो आणि हायरम बंदिवान असताना २७ जून रोजी तोंडे रंगविलेला सशस्त्र जमाव आत घुसला. हायरम आधी पडला. जोसेफने जवळच्या पिस्तुलाने गोळ्या झाडल्या, पण खिडकीशी तोही मारला गेला. त्याचे वय ३८ वर्षांचे होते. खटल्यात पाच जणांवर आरोप ठेवले गेले, सर्व सुटले. राज्याच्या संरक्षणात असलेल्या बंदिवानांची ही हत्या होती आणि ती निखालस जुलूम होती. चुकीच्या श्रद्धेला उत्तर पुराव्याने द्यायचे असते, गोळीने नव्हे.

पुढे ब्रिगहॅम यंग बहुसंख्य अनुयायांना घेऊन यूटाच्या वाळवंटी प्रदेशात गेला. एम्मा मागे राहिली. १८५२ मध्ये बहुपत्नीत्वाची शिकवण उघडपणे जाहीर झाली, आणि त्याच वर्षी ह्यू फिंडले हा मॉर्मन प्रचारक मुंबईत उतरला. त्याने पुण्यातही काम केले आणि एक लहानशी मंडळी जमविली. पण ती फार काळ टिकली नाही.

आपल्यासाठी बोध

जोसेफ स्मिथचा प्रश्न खोटा नव्हता. मेलेल्या भावासाठी तळमळणारे मन खोटे नसते. चूक झाली ती तळमळीलाच वही समजण्यात. अंत्यविधी झाला की नवी शिकवण, मृत्यू झाला की नवा स्वर्ग, असा तो क्रम होता. याच्या उलट, प्रेषितांचे (स.) तान्हे पुत्र इब्राहीम गेले त्या दिवशी मदीनेत सूर्यग्रहण लागले. त्यांच्या मृत्यूमुळेच आकाश काळवंडले, असे लोक बोलू लागले. लोकांची श्रद्धा वाढविण्याची केवढी संधी होती! पण डोळ्यांत अश्रू असलेल्या त्या पित्याने लोकांना स्पष्ट सांगितले की सूर्यचंद्र ही अल्लाहची चिन्हे आहेत. कुणाच्या जन्मामरणाने त्यांना ग्रहण लागत नाही.

वाचकहो, हाच निकष आपल्या घरालाही लावा. मय्यतीच्या घरी बसून अमुक जन्नती, तमुक जहन्नमी असा निवाडा करणारे आपल्यातही आहेत. मृताचे स्वप्न पडल्याचे सांगून घाबरलेल्या कुटुंबाकडून पैसे उकळणारेही आहेत. गैबचे ज्ञान अल्लाहकडे आहे आणि त्यातील जेवढे आपल्याला हवे तेवढे त्याने कुरआन आणि सुन्नतमधून दिले आहे. तेवढ्यावर थांबण्यात आपला बचाव आहे. आपल्या मृतांसाठी दुआ करा, सदका करा, त्यांची देणी फेडा, त्यांच्या मित्रांशी चांगले वागा. निवाडा रब्बावर सोपवा.

अल्लाह तआला आपल्या सर्व मरहूमांना क्षमा करो, त्यांच्या कबरी प्रकाशमान करो, शोकाच्या घडीला आपले पाय सत्यावर स्थिर ठेवो आणि आपल्या माणसांशी आपली भेट जन्नतमध्ये घडवो. आमीन.